गारपीट झाली, पण पाप कुणाचं?

नवव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. आजच्या फ्रान्समधल्या लिआँ शहरात जमावाने चार जणांना धरून आणलं, तीन पुरुष आणि एक बाई, आधी काही दिवस साखळदंडात डांबून ठेवलं आणि मग सगळ्यांसमोर दगडांनी ठेचून मारायची तयारी केली. आरोप काय, तर हे चौघं ढगातल्या जहाजांतून खाली पडलेत. तिथल्या लोकांचा पक्का समज होता की मॅगोनिया नावाचा एक देश आहे, तिथली जहाजं ढगांतून येतात, आपल्यातलेच काही मांत्रिक त्यांच्यासाठी वादळं उठवतात आणि गारांनी झोडपून पडलेलं धान्य-फळं ती जहाजं भरून नेतात. शहराचा आर्चबिशप होता अगोबार्ड. तो मधे पडला, बराच वाद घातला आणि शेवटी ते चौघं वाचले.

या अगोबार्डने गारा आणि मेघगर्जना या विषयावर एक छोटं पुस्तकच लिहून ठेवलंय, आणि त्यातली त्याची पद्धत बघून मी खरंच थक्क झालो. सगळे सांगतात की मांत्रिक वादळ आणतात, मग हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला एक तरी माणूस दाखवा म्हणून तो शोधत फिरला. एकदा त्याला असा माणूस सापडला सुद्धा, पण देवाची आण घालून, कोण होता, कुठे होता, कधी होता असं खोदून खोदून विचारल्यावर तो माणूस कबूल झाला की मी स्वतः तिथे नव्हतो. दुसरा किस्सा तर भयंकर आहे. त्याआधी काही वर्षं गुरांची मोठी साथ आली होती आणि अफवा पसरली की इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या ड्यूकने माणसं पाठवून कुरणांवर, झऱ्यांवर विषारी पूड टाकलीय, आणि या संशयावरून बरेच लोक मारले गेले, काहींना फळ्यांना बांधून नदीत सोडलं. अगोबार्ड विचारतो की अशी कुठली पूड आहे जी फक्त गुरंच मारते आणि बाकी जनावरांना काही करत नाही? आणि एवढ्या मोठ्या मुलखात पूड पसरायची तर बेनेव्हेंतोतले सगळे बाप्ये, बाया, म्हातारे, पोरं, प्रत्येकी तीन तीन गाड्या पूड घेऊन निघाले तरी पुरणार नाही. बाराशे वर्षांपूर्वीचा धर्मगुरू हा हिशोब मांडतोय, हे लक्षात घ्या.

आता हे सगळं सांगायचं कारण असं की आपण सरसकट बोलून जातो, जुन्या काळी पूर आला दुष्काळ पडला की लोक देवाचा कोप म्हणायचे, प्रार्थना करायचे, बस्स. कोप म्हणायचे हे खरंच आहे. अगोबार्ड पण तेच म्हणतो, गारा देवच पाडतो. पण गंमत नाही ही, याच श्रद्धेने त्या चार जणांचा जीव वाचवला, कारण गारा देव पाडत असेल तर त्या कुठल्या बाईने किंवा परक्या माणसाने पाडलेल्या नाहीत, विषय संपला. मी गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतोय आणि माझं मत असं होत गेलंय की देवाचा कोप मानला की नाही याने फार फरक पडत नव्हता, सगळेच मानायचे. खरा फरक पडायचा तो पुढच्या प्रश्नाने. कोप झाला, ठीक, पण पाप कुणाचं? आमचं का त्यांचं? ज्या समाजाने "आमचं" म्हटलं तिथे बहुतेक वेळा काहीतरी वाटप झालं, नियम झाले, कर्जं माफ झाली. ज्यांनी "त्यांचं" म्हटलं तिथे माणसं जळाली.

जळाली हे मी शब्दशः म्हणतोय. १५६२ च्या ऑगस्टमधे दक्षिण जर्मनीत भीषण गारपीट झाली, पिकं, द्राक्षमळे, छपरं, पक्षी काही राहिलं नाही. त्या भागात व्हिझनस्टाइग नावाचं छोटं गाव आहे, तिथे बायका पकडायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी छापलेल्या पत्रकानुसार ६३ जणींना चेटकिणी ठरवून मारलं. जवळच, त्या भागातल्याच प्रोटेस्टंट मंडळींमधे योहानेस ब्रेन्झ नावाचा धर्मोपदेशक होता, तो आधीपासून सांगत होता की हवामान चेटकिणींच्या हातात नाही, देवाच्या हातात आहे, स्वतःच्या वागण्याकडे बघा. म्हणजे अगोबार्डचाच मुद्दा, साडेसातशे वर्षांनी. एका ठिकाणी तो ऐकला गेला नाही एवढंच. मग १६२६ च्या मे अखेरीस जर्मनीतल्याच बामबर्ग आणि व्युर्झबुर्गच्या भागात ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कडाक्याचं हिव पडलं, द्राक्षाचे कोंब काळे पडले, राय नावाचं धान्य करपलं, आणि तिथे राज्य करणारे कोण तर स्वतः बिशप. पुढची चार-पाच वर्षं त्या दोन्ही राज्यांत जो चेटकीण-शोध चालला त्यात शेकडो लोक गेले, आणि फक्त गरीब म्हाताऱ्या नाहीत, बामबर्गचा महापौर योहानेस युनिउस सुद्धा १६२८ मधे गेला. छळाने चेचलेल्या हातांनी त्याने तुरुंगातून मुलीला चोरून पत्र लिहिलं, की मी निर्दोष आहे, हे सगळं खोटं वदवून घेतलं. ते पत्र आजही टिकून आहे.

याच्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गारपीट आणि अवकाळी हिव या आपत्तीचा स्वभावच असा की या शेतात सगळं झोपलं आणि बांधापलीकडचं शेत जसंच्या तसं उभं. मग साहजिक डोक्यात येतं, माझ्यावरच का? कुणी केलं? दुष्काळाचं तसं नसतं. पाऊस पडला नाही तर कुणाच्याच शेतात पडला नाही, त्यामुळे शेजाऱ्याकडे बोट दाखवणं जरा अवघड जातं आणि सगळा समाज मिळून काहीतरी करायला लागतो. दरवेळी असंच झालं असा माझा दावा नाही, पण वाचताना हा फरक सारखा दिसत राहतो.

ज्यू लोकांचंच बघा. मिश्नामधे, म्हणजे साधारण इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या त्यांच्या धर्मनियमांच्या ग्रंथात, उपासांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात पाऊस लांबला तर काय करायचं याची पूर्ण प्रोसिजर दिलीय. मारहेश्वान या तिकडच्या पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्याची १७ तारीख आली तरी पाऊस नाही, तर आधी फक्त मोजके मान्यवर लोक तीन उपास करणार. पुढच्या महिन्याची पहिली तारीख आली तरी नाही, मग सगळ्या समाजाचे तीन. तरी नाही, मग आणखी तीन, आणि आता आंघोळ, तेल, चपला, काम सगळं बंद. तरी नाही, मग आणखी सात, शिंगं फुंकायची, दुकानं बंद. म्हणजे आपण आज टंचाईच्या पातळ्या जाहीर करतो ना, तशाच पायऱ्या, आणि सुरुवात वरच्या लोकांपासून. मोठ्या उपासाच्या दिवशी धर्मग्रंथांची पेटी गावच्या चौकात आणायची, तिच्यावर राख, प्रमुखाच्या डोक्यावर राख, मग बाकी सगळे आपापल्या डोक्यावर राख घेणार. आणि तेव्हा सगळ्यात ज्येष्ठ माणसाने उभं राहून सांगायचं की बाबांनो, धर्मग्रंथातल्या निनवे शहराच्या गोष्टीत देवाने त्यांचं गोणपाट आणि त्यांचे उपास बघितले असं लिहिलेलं नाही, देवाने त्यांची कृती बघितली, ते वाईट मार्गावरून मागे फिरले हे बघितलं. भर उपासाच्या दिवशी, उपाशी लोकांसमोर, उपासाने होत नसतं हे सांगायची सोय नियमातच करून ठेवलीय. मला हे जबरदस्त वाटतं.

इस्लाममधे पावसासाठी वेगळी नमाज आहे, इस्तिस्का म्हणतात, गावाबाहेर मोकळ्यावर जायचं, साध्या कपड्यांत, आणि अंगावरचं वस्त्र उलटं करून घ्यायचं, परिस्थिती अशीच पालटू दे म्हणून. पण इथे मला जास्त बोलायचंय ते खलिफा उमरबद्दल. हिजरी १८, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमाराला अरबस्तानात एवढा दुष्काळ पडला की त्या वर्षाला राखेचं वर्ष असंच नाव पडलं. इस्लामी इतिहासपरंपरा सांगते की लोकांना मिळेपर्यंत मी पण खाणार नाही म्हणून उमरने तूप आणि मांस सोडलं, नुसत्या तेलावर राहून त्याचा रंग काळवंडला, बाहेरच्या प्रांतांतून धान्याचे तांडे मागवले, त्या वर्षीची जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान, वसूल करणं पुढे ढकललं, आणि चोरीबद्दल हात तोडायची शिक्षा त्या काळापुरती थांबवली, कारण उपाशी माणसाने धान्य उचललं तर ती चोरी कशी धरायची. प्रार्थना झालीच, प्रेषितांचे चुलते अब्बास यांना पुढे करून झाली. पण कायदा थांबवायचा निर्णय प्रार्थनेइतकाच धार्मिक होता, आणि तो राज्यकर्त्याने स्वतःकडे बघून घेतला.

स्पेनमधे हेच काम जवळजवळ सरकारी फाइलीसारखं चालायचं. पाऊस नाही म्हटल्यावर शेतकरी आणि त्यांच्या संघटना नगरपालिकेकडे जायच्या, नगरपालिका ठराव करून कॅथेड्रलला कळवायची, मग चर्च विधी ठरवायचं. याच्या पण पायऱ्या. आधी चर्चमधल्या प्रार्थनेतच पावसाचं मागणं, मग संतांचे अवशेष दर्शनाला बाहेर, मग रस्त्यावरून मिरवणूक, मग मूर्ती किंवा अवशेष पाण्यात बुडवणं (यावर पुढे चर्चनेच बंदी घातली), आणि सगळं थकलं की लांबच्या तीर्थस्थळाची यात्रा. खर्च होत असल्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद झाली, तारखेसकट, दोन्हीकडच्या दप्तरांत, शेकडो वर्षं. आज हवामानाच्या इतिहासाचे अभ्यासक याच नोंदींवरून कुठल्या वर्षी स्पेनमधे दुष्काळ किती तीव्र होता हे काढतात, साधी प्रार्थना म्हणजे किरकोळ ताण आणि यात्रा म्हणजे हाहाकार. पर्जन्यमापक यायच्या कितीतरी आधीचा डेटा आहे हा, आणि तो लिहिणाऱ्यांना त्याची कल्पना सुद्धा नव्हती.

आपल्याकडचा १६३०-३१ चा दुष्काळ तर तुकाराम महाराजांच्या घरातून गेला. घराणं वाण्याचं, महाजनकी होती, सावकारी होती, आणि दुष्काळात सगळं गेलं, पहिली बायको अन्न अन्न करत मेली हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय, मुलगा पण गेला. आणि मग परंपरा सांगते त्याप्रमाणे त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांची वाटणी केली, निम्मे धाकट्या भावाला दिले, कान्होबाला, आणि स्वतःच्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. गाथा बुडवल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, कर्जखतं बुडवल्याची त्या मानाने कमी सांगितली जाते, पण दुष्काळाच्या दृष्टीने बघाल तर हीच मोठी आहे. दुष्काळात माणूस भुकेने मरतो हे झालंच, पण जो वाचतो तो पुढची दहा-वीस वर्षं कर्जाखाली मरतो. स्वतः सगळं गमावलेल्या माणसाने, हातात वसुलीचे कागद असताना, ते पाण्यात सोडले. पाप कुणाचं या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला तरी कुठे दिसलेलं नाही.

आता आइसलँड. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण हा माणूस मला सोडतच नाही. ८ जून १७८३, रविवार, पेंटेकॉस्टचा सण, सकाळी आभाळ स्वच्छ, आणि उत्तरेकडून एक काळा ढग चढून आला, राख पडायला लागली. लाकी नावाच्या भागात जमीनच फाटली होती, साधारण २७ किलोमीटर लांबीची भेग, तिच्यावर शंभराहून जास्त मुखं, आणि हे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, आठ महिने, चालू राहिलं. त्या भागाचा पाद्री होता योन स्टेनग्रिमसन. लाव्हा स्काफ्ता नदीच्या घळीतून खाली येत होता, नदी आटली, तिच्या जागी आग वाहायला लागली. २० जुलैच्या रविवारी लाव्हा चर्चच्या दिशेने सरकत असताना त्याने उरलेल्या लोकांना चर्चमधे बोलावलं, ही बहुधा इथली शेवटचीच प्रार्थना असं सगळ्यांना वाटत होतं, बाहेर गडगडाट आणि विजा एवढ्या की चर्च हलत होतं, आणि त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ प्रार्थना घेतली, घाई केली नाही. बाहेर येऊन बघतात तर लाव्हा पुढे आलेलाच नाही, जिथे होता तिथेच थरावर थर साचून राहिलाय आणि वरून नद्यांचं पाणी त्याच्यावर कोसळतंय. लोकांनी याला अग्निप्रवचन म्हटलं आणि पाद्रीबुवांनी लाव्हा थांबवला ही कथा झाली.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. लाव्ह्याने जवळजवळ कुणी मेलं नाही, मारलं ते धुक्याने. गंधकाचा धूर आणि गवतावर बसलेलं फ्लोरिन, जनावरं तेच गवत खात होती. योनने एकेक लक्षण लिहून ठेवलंय, मेंढ्यांच्या सांध्यांवर, जबड्यावर, फासळ्यांवर आलेल्या गाठी, वाकडी झालेली हाडं, गळून पडलेले खूर, आणि पुढे माणसांना सुद्धा तसंच. त्याला थोडं वैद्यकी यायचं, गावातला डॉक्टर म्हणजे तोच. देशातल्या सुमारे ८० टक्के मेंढ्या गेल्या, निम्म्या गाई गेल्या, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातली पाचवा हिस्सा माणसं गेली. योनची बायको १७८४ मधे गेली. मेलेल्यांना पुरणारा तोच, आजाऱ्यांना बघणारा तोच. आणि सरकारी मदतीचा पैसा सीलबंद पेटीतून अधिकाऱ्याकडे पोचवायची जबाबदारी त्याच्यावर आली तेव्हा वाटेत भेटलेल्या, जनावरं घ्यायला पैसे नसलेल्या शेतकऱ्यांना त्याने सील तोडून त्यातले पैसे देऊन टाकले. यासाठी त्याच्यावर कारवाई झाली, दंड झाला, माफी मागायला लागली. लाव्हा थांबवणाऱ्या पाद्र्याची गोष्ट जगभर सांगतात पण माझ्या लेखी त्या माणसाचं मोठेपण त्या तोडलेल्या सीलमधे आहे.

आणि हो, तोही हे सगळं देवाची शिक्षाच मानत होता. आधीची वर्षं सुबत्तेची होती, लोक खाण्यापिण्यात चोखंदळ झाले, दारू-तंबाखू वाढली, देवाला विसरले, असं तो लिहितो. पण आपल्याच गावाबद्दल लिहितो, त्याच गावासोबत उपाशी राहून लिहितो, आणि उद्रेकाच्या नोंदी इतक्या काटेकोर ठेवतो की आजचे ज्वालामुखीतज्ज्ञ कुठल्या आठवड्यात काय झालं हे त्याच्याकडून घेतात.

मात्र "आमचं पाप" म्हटलं की सगळं साजरं होतं असंही नाही. पोर्तुगालच्या राजधानीचा, लिस्बनचा भूकंप १ नोव्हेंबर १७५५ चा, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या लावलेल्या. छतं लोकांच्या अंगावर आली, मग समुद्र आत आला, मग आग. गाब्रिएल मालाग्रिदा हा जेझुइट पंथाचा कॅथलिक धर्मगुरू पुढच्या वर्षी पत्रक काढून सांगायला लागला की हे पापाचंच फळ आहे, याला नैसर्गिक कारणं सांगू नका, घरं आणि तात्पुरते निवारे बांधत बसण्यापेक्षा पश्चात्ताप करा. ढिगाऱ्यात राहणाऱ्या, हिवाळ्याच्या तोंडावर असलेल्या लोकांना हे सांगणं मला क्रूर वाटतं, बोट कितीही आतल्या बाजूला वळलेलं असो. शहर उभं करायला निघालेल्या पोंबाल या मंत्र्याने त्याला आधी हद्दपार केलं आणि १७६१ मधे इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाच्या हातून त्याचा शेवट केला, ते तर आणखी वाईट.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी लेखी निषेध केला, भौतिक घटनेची कारणं भौतिकच असतात, असल्या बोलण्याने लोकांची अविवेकी वृत्ती बळावते. गांधीजींनी तो निषेध "हरिजन" मधे छापला आणि उत्तर दिलं, मागे हटले नाहीत. मी इथे टागोरांच्या बाजूचा आहे. गांधीजींनी बोट सवर्णांकडे, म्हणजे स्वतःच्याच समाजाकडे दाखवलं हे मला समजतं, माझ्या वरच्या मांडणीत ते बसतं सुद्धा, पण भिंतीखाली मेलेल्यांत ज्यांच्यावर अन्याय झाला तेही होतेच की, त्यांना कसली शिक्षा? "आम्ही" म्हणताना त्या आम्हीमधे कोण कोण धरलंय हे बघायलाच लागतं.

राजस्थानातल्या बिश्नोई लोकांनी त्या मानाने शहाणपणाचा रस्ता काढला. जांभोजींनी १४८५ मधे पंथ स्थापन केला तो दुष्काळाने पोळलेल्या मुलखात, २९ नियम, त्यात हिरवं झाड तोडायचं नाही, प्राण्यांवर दया. मागे काय पाप केलं यापेक्षा उद्यापासून काय करायचं नाही हे ठरवलं. १७३० मधे खेजडलीत झाडं वाचवताना ३६३ जण मेले ते याच नियमापायी.

आणि एकदा ठरवलेलं बदलता पण येतं. स्वित्झर्लंडमधे आलेच ग्लेशियरच्या खाली फीश आणि फीशरटाल ही गावं आहेत. ग्लेशियर वाढत होतं, त्याच्या कडेचं तळं फुटून पूर यायचा, म्हणून १६७८ मधे गावकऱ्यांनी नवस केला की आम्ही नीट वागू, हे बर्फ मागे हटू दे. १८६२ पासून दरवर्षी मिरवणूक पण सुरू झाली. आता तेच ग्लेशियर किलोमीटरच्या किलोमीटर आटलंय आणि पाण्याची चिंता लागलीय. नवस औपचारिक असल्याने तो आपल्या मनाने बदलता येत नव्हता, म्हणून २००९ मधे त्यांनी पोपकडे परवानगी मागितली, २०१० मधे ती मिळाली, आणि आता ते बर्फ वाढू दे म्हणून प्रार्थना करतात. नीट वागू हा नवसाचा पहिला भाग मात्र त्यांनी तसाच ठेवला, आणि आज त्या नीट वागण्यात काय काय येतं, किती कोळसा, किती तेल, आणि ते नक्की कुणी कमी करायचं, हे त्या दोन छोट्या गावांच्या हातात नाही.